रिवाइंड

लग्नाच्या तिथी नव्हत्या, म्हणून मी हो म्हटलं.
स्टेडियमच्या पॅव्हेलियनखाली एक टेबल,
टेबलावर मांडवाचंच जांभळं कापड,
माझा कॅमेरा, बँकेतून मागून आणलेला टीव्ही,
आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने : व्हिडिओ पंच.
शंका आली की ढवणसर शिट्टी ओठांत धरून
दोन्ही बोटांनी हवेत चौकोन काढायचे
आणि गॅलरी त्या चौकोनालाच टाळ्या द्यायची.

टेबल तिथं ठेवण्यात कुणाचं कारस्थान नव्हतं.
सावली तिथं होती. प्लग तिथं होता.
चहा तिथंच यायचा, चिंचेच्या तालमीकडून,
कारण ती बाजू त्यांची, पणज्यापासूनची.
हाफटाइमला गोल बदलतात, म्हणजे सगळं सारखं,
असं सेक्रेटरी म्हणाले.
खरं आहे. फक्त दुसऱ्या हाफात
ऊन उतरून थेट लेन्समध्ये येतं
आणि उजवा गोल विरघळतो
वरातीतल्या मागच्या माणसांसारखा.

तालमीची पेनल्टी मी चार वेळा मागं घेतली.
सहा जण टेबलावर वाकलेले,
एकाचा हात माझ्या खांद्यावर, जड, मायेचा :
‘रिवाइंड कर की भावा, हाताला लागलाय बघ.’
चौथ्या वेळी लागलेला दिसला.
चौथ्या वेळी काहीही दिसतं.
पुरेसं हळू केलं
तर नवरीच्या मामाचं रडणंसुद्धा
हसल्यासारखं दिसतं, मी विकलंय ते.

मग एकाहत्तरावं मिनिट.
माळभाग इलेव्हन. वीटभट्ट्यांपलीकडून आलेली पोरं,
एक टेम्पो, एक हलगी, नऊ-दहा सायकली.
सुहेल मकानदारचा फटका आडव्या बारला लागून
खाली आपटला, उडाला, बाहेर.
ढवणसरांनी चौकोन काढला,
पण छोटा, कमरेपाशी,
हॉटेलात बिल मागावं तसा.
माझ्या टेबलाकडं कुणी पळत आलं नाही.
त्यांना वाटलं,
बघणारा बसवलाय म्हणजे तो बघत असणार.

मी म्हणालो, बॅटरी बदलत होतो, सर.
खोटं नव्हतं.
बदलून झाली होती, एवढंच.
चहाचा कप माझ्या डाव्या हातात होता
आणि त्यावर साय धरत होती.

रात्री खासबागेमागच्या दुकानात शटर अर्धं ओढून
मी ते चार सेकंद लावले.
फक्कीची रेघ, तीही वाकडी,
बादलीवाल्याच्या हाताला घाई असणार.
धूळ. चेंडू. चेंडूची सावली.
रेघेच्या आत, का रेघेवर, का माझ्या डोळ्यांत.
अकरा वेळा बघितलं.
गोल होता असं आजही शपथेवर सांगणार नाही.
सांगता येतं ते एवढंच,
की रात्री अकरा वेळा बघितलं
आणि दुपारी एकदाही नाही.

क्लिप पुसली नाही.
‘जाधव-चौगुले शुभविवाह’ या फोल्डरमध्ये आहे,
अक्षता आणि जेवणावळीच्या मधे.

जूनमध्ये सुहेल दुकानात आला.
मला वाटलं, आता विचारणार.
त्याला पासपोर्ट साइज पाहिजे होते, आठ,
एमआयडीसीत कुठंतरी फॉर्म भरायचा होता.
निळ्या पडद्यापुढं बसला, शर्टाचं वरचं बटण लावून,
गुडघ्यावर मैदानातली जुनी खपली.
फ्लॅश पडला. डोळे मिटलेले आले.
‘चालतंय की वो,’ म्हणाला,
‘कोण बघतंय एवढं.’

मी म्हटलं, बस.
आणि परत काढला.
आणि परत.
तो पाचव्या वेळी जरा वैतागला,
घड्याळ बघितलं,
बाहेर त्याची सायकल कुणाच्या तरी वाटेत होती.